लाल टायपातला १४२८५७

औरंगपुऱ्यात मोबाइलच्या दुकानावरचा जिना चढून गेलं की एका अंकगुरूचं ऑफिस लागतं. मी तिथं गेले ती मावशीमुळं. शहागंजात राहते ती. त्यानं तिला १४२८५७ हा आकडा कागदावर लिहून दिला, उशीखाली ठेवा म्हणाला, शुगरच्या गोळ्यांची गरजच पडणार नाही. मावशीनं गोळ्या बंद केल्या. तिच्या पायाची जखम तेव्हा चिघळत होती.

माझ्यासमोर त्यानं कॅल्क्युलेटर काढला. दोननं गुणलं, २८५७१४. तीननं गुणलं, ४२८५७१. तेच सहा आकडे, त्याच क्रमानं, फक्त सुरुवात वेगळी. शेजारी बसलेला एक इंजिनिअर मान डोलावत होता. गुरूपेक्षा मला त्या मानेची जास्त किळस आली. मी म्हटलं, आता सातनं गुणा. ९९९९९९ आले, खेळ तिथंच मोडला. गुरू जराही गडबडला नाही. डोळे मिटून म्हणाला, "नवग्रह."

आम्ही लगेच पत्रक काढलं. आमच्या अंधश्रद्धाविरोधी संघटनेची शिस्त अशी, की ज्याला ठोकायचं ते सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या टायपात. म्हणून आकडा लाल, तळहाताएवढा. खाली बारीक अक्षरात खुलासा: एकाला सातनं भागत जा. बाकी एक ते सहा यांतलीच उरणार. त्या सहाही येऊन गेल्या की पहिली परत येते, म्हणून दशांश चिन्हापुढं हेच आकडे गोल फिरत राहतात. हा शाळेतला भागाकार आहे, चमत्कार नाही. शहागंजात घरोघरी वाटलं.

काही दिवसांनी मावशीकडं गेले तर पत्रक फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं. आकड्याला हळद-कुंकू. खालचा खुलासा तिनं कात्रीनं कापून टाकलेला, दारावर मावत नव्हता म्हणे. शेजारणींनीही लावलंय, असं कौतुकानं सांगत होती. गुरूच्या हस्ताक्षरापेक्षा आमची छपाई लई ठसठशीत.

गोळ्यांचं पाकीट फोडलेलंच नव्हतं. पायाचा वास खोलीभर पसरला होता. तरी मी फरशीवर बसून तिच्यासमोर अख्खा भागाकार केला. तिनं एकेक बाकी नीट बघितली, समजूनही घेतली. मग म्हणाली, "म्हंजे समदं सातातच हाय की गं. सप्तपदी काय उगं असती व्हय?"

डोक्यात तिडीक गेली. पत्रक टराटरा फाडावं वाटलं, पण तिनं दुसरं आणून लावलं असतं. ढीगभर वाटली होती आम्ही.

"मावशे," मी म्हटलं, "हा आकडा गोळी घेतली तरच चालतो. पत्रकात छापायचं राहिलं."

"आधी सांगायचं नाय का?"

तिनं तिथंच पाकीट फोडलं, लाल आकड्याला हात जोडले आणि गोळी गिळली.

संघटनेच्या बैठकीत विचारलं, पत्रकाचा उपयोग काय झाला. मावशी गोळ्या घ्यायला लागली, एवढंच मी सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.