पडद्याआडच्या सहा रात्री

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातून आम्ही आर्वीला परत निघालो तेव्हा निम्मा रमजान सरला होता. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, की आता यांना घरीच ठेवा, ऑक्सिजनचं मशीन लावा आणि आवडेल ते खाऊ घाला. मी शाळामास्तरीण. उभा जन्म पोरांना वाचायला शिकवण्यात गेला, पण या बोलण्याचा अर्थ आपल्याला कळलाच नाही असं मी गाडीत बसल्या बसल्या स्वतःला बजावत होते. खरं सांगायचं तर तो कळला होता, मला मान्य नव्हता. मागे माझे यजमान उशीला टेकून झोपले होते आणि मी अल्लाहशी मनातल्या मनात भांडत होते.

यजमानांचं गाद्या-रजयांचं दुकान. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजण्याचं काम. तो बारीक कापूस वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला आणि छातीत बसला. यांना त्याचीही थट्टाच. भेटायला येणाऱ्याला सांगायचे, “माया छातीत एक गादी भरन इतका कापूस हाय, घेऊन जा म्हणा कोणी.” लोक हसायचे, मला मात्र असा राग यायचा! आम्हाला मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघं आणि यांची थोरली विधवा बहीण, आपा.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आमच्यात एतेकाफ बसतात. संसार, कामधंदा, गप्पागोष्टी सोडून माणूस एका जागी इबादतीला बसतो. पुरुष मशिदीत बसतात. मोहल्ल्यातला एक जण तरी बसावाच लागतो, नाहीतर साऱ्या मोहल्ल्यावर ठपका. बाया घरातच, नमाजाच्या जागी बसतात. एकदा बसलं की ईदचा चांद दिसेपर्यंत वजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुणं, आणि संडास एवढ्यापुरतंच उठायचं. याच दिवसांतल्या कुठल्यातरी रात्री शबे-कद्र असते. कोणती, ते नक्की कोणालाच ठाऊक नाही. बहुतेक लोक सत्ताविसावी धरतात. त्या रात्री येत्या वर्षाचं नशीब लिहिलं जातं अशी आमची श्रद्धा. मी म्हटलं, एकही रात्र सोडायची नाही. जी असेल ती आपल्या हाती लागलीच पाहिजे, आणि त्या रात्री यांचं आयुष्य मागून घ्यायचं.

बाईनं एतेकाफाला बसायचं तर नवऱ्याची परवानगी लागते. मी विचारलं, तर म्हणाले, “मले कायले इचारून राह्यली? तुनं ठरोलं म्हंजे ठरलंच. बस नं, मी काय कोठी पळून चाललो?” मग जरा वेळ दम खाऊन म्हणाले, “फक्त मी हाक मारली तं ओ देजो, मास्तरीण.”

मी हो म्हटलं. विसाव्या रोजाच्या संध्याकाळी त्यांच्याच खोलीत, खिडकीजवळच्या कोपऱ्यात दोरी बांधून चादर लावली आणि तिच्याआड बसले. त्यांचा पलंग माझ्यापासून इतका जवळ, की मधे चादर नसती तर हात लांबवून त्यांची उशी सरळ केली असती. आपानं सगळं अंगावर घेतलं, त्यांचं औषध, पेज, कूस बदलणं, सगळं. मला पहाटे सेहरीचं आणि संध्याकाळी इफ्तारीचं ताट पडद्याखालून सरकवायची.

ते रात्री हाक मारायचे. “मास्तरीण!” मशीनची घरघर चाललेली असायची आणि तिच्यातून तो बारीक आवाज यायचा. एतेकाफात बोलायला मनाई नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मी हट्टी बाई. एकदा बोलायला लागलं की हा माणूस दुकानाच्या, आठवडी बाजाराच्या, कुठल्या कुठल्या गोष्टी काढणार, मला हसवणार आणि माझी रात्र वाया जाणार, असं मला वाटायचं. म्हणून मी नुसतं खाकरायचे. आहे मी, इबादतीत आहे, असा त्याचा अर्थ. कधी नमाजात असले तर तेवढंही नाही. एका रात्री त्यांनी दोन-तीनदा हाक मारली तेव्हा मी सजदा मुद्दाम लांबवला. कपाळ जमिनीला टेकलेलं आणि कान त्यांच्याकडे, अशी ती माझी इबादत. आपा उठली आणि म्हणाली, “काय पाह्यजे रे तुले?” ते म्हणाले, “काई नाई. झोप तू.”

सहा रात्री अशा गेल्या.

सत्ताविसाव्या रात्रीसाठी मशिदीला रोषणाई केली होती. मंडपवाल्यानं आमच्या गल्लीच्या तोंडाशी जनरेटर आणून ठेवला होता. तरावीहची रात्रीची नमाज झाली, लोक घरी जाऊन परत जागायला आले, आणि मी मनाशी म्हटलं, आज मागायचंच. हात वर केले न केले तोच अवकाळीचा वारा सुटला. कुठेतरी पत्रे वाजले आणि लाइन गेली. मशिदीवरचे दिवे जनरेटरवर लगेच पेटले, आमच्या घरात मात्र काळोख. आणि मशीन थांबलं.

आमच्याकडे इन्व्हर्टर होता, पण पंख्या-दिव्यापुरता. मशीन त्याच्यावर चालत नसे. आपाची नुसती धावपळ. “दुल्हन, लाइन गेली वो! हा कसातरीच करून राह्यला!” असं मला ओरडून सांगत ती दारातून गल्लीत पळाली. मी चादरीआड, हात वरच्या वर. मशीनची घरघर बंद झाल्यावर त्यांचा श्वास मला सहा दिवसांत पहिल्यांदा नीट ऐकू आला. ओढून ओढून घेतलेला, मधेच अडणारा. मी वाट पाहिली, की आता “मास्तरीण” म्हणतील. हाक आली नाही. या अल्लाह, ज्या हाकेला मी कंटाळले होते, तिच्यासाठी माझे प्राण कानात आले!

गल्लीतून पावलं वाजली. कोणी पुरुष आपाला विचारत होता, “मशीनचं बटन कोठी हाय, माय? खिडकी कोन्ती?” तो जनरेटरवाला होता, पुलगावकडचा कोणीतरी. वायरचं वेटोळं ओढत तो माझ्या खिडकीशी आला. त्याच्या मोबाईलचा उजेड खिडकीतून चादरीवर पडला आणि तो थबकला. “आत बाई बसली हाय का इबादतीले? मी आत येत नाई, बाई. इथूनच वायर देतो, तुमी लावून घ्या. मशिदीची लायटिंग बंद कराव लागन, दोन्ही नाई खेचणार हा जनरेटर.” मग गल्लीकडे तोंड करून त्यानं मोठ्यानं हाळी दिली, आणि सत्ताविसाव्या रात्री आमच्या मशिदीचे सगळे दिवे विझले. आतून कुराणाचा आवाज तसाच येत राहिला.

गजांतून एक हात आत आला. मनगटाला काळा दोरा होता, एवढंच मी पाहिलं. मी वायर घेतली. आपा तोवर धावत खोलीत परत आली होती. ती पडद्याखालून आपाकडे सरकवता आली असती, ताट यायचं तशीच. एतेकाफ टिकला असता. पण मी उठले, चादर दोरीसकट ओढून काढली आणि त्यांच्याजवळ गेले. मशीन लावलं, नळी नाकाशी नीट केली, मागे बसून त्यांना छातीशी टेकवून धरलं. त्यांच्या अंगात काही उरलं नव्हतं. सहा दिवसांत माणूस किती उतरला होता, आणि मला हातभर अंतरावरून पत्ता नव्हता.

बऱ्याच वेळानं श्वास लयीत आला. डोळे उघडून म्हणाले, “सुटला का तुया एतेकाफ?”

“सुटला.”

“अरेरे. माया पायी.”

मला रडू आवरेना. मी विचारलं, “रोज रात्री काऊन हाका मारत होते? काय पाह्यजे होतं?”

“कायले काय पाह्यजे? तू हाय का नाई, एवढंच पाहून राह्यलो होतो.”

त्या रात्री मी एक रकातही नमाज पढले नाही. ते थांबत थांबत बोलत होते आणि मी ऐकत होते. लग्नात त्यांनी स्वतःच्या हातानं भरलेली गादी माझ्या माहेरच्यांना कशी टणक लागली होती, ते सांगितलं. गाडगेभर दही कोणी सांडलं यावरून आमचं जुनं भांडण होतं, ते परत भांडलो. मला हसू आलं, अगदी ज्याची मला भीती वाटत होती तसं. सेहरीची वेळ झाली तेव्हा ते माझ्या खांद्यावर झोपले होते. फजरच्या, पहाटेच्या नमाजाच्या सुमारास लाइन आली. मी खिडकीशी गेले तोवर त्या माणसानं वायर गुंडाळली होती आणि त्याची गाडी गल्लीबाहेर पडली होती. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. प्रत्येक दुव्यात मी त्याला “तो काळ्या दोऱ्याचा हात” एवढंच म्हणते. ज्याला कळायचं त्याला कळत असेल.

ईदच्या आदल्या दुपारी ते गेले. माझा हात त्यांच्या हातात होता, तेवढं मला मिळालं.

ती शबे-कद्र होती की नव्हती, मी सांगू शकत नाही. वारा अल्लाहनं पाठवला की मार्चमध्ये आमच्याकडे सुटतो तसा तो सुटला, यावरही मी वाद घालणार नाही. मला एवढं दिसतं, की मी सहा रात्री मागत नव्हते, अडून बसले होते. माझ्या मनासारखं लिही, तोवर मी उठत नाही, असा तो धरणं धरल्याचा प्रकार होता. आणि देणारा मला रोज हाक मारून देत होता. त्यानं शेवटी साऱ्या गल्लीचे दिवे मालवले, तेव्हा कुठे मला पडद्यापलीकडचं दिसलं. त्याचे आभार मी कोणत्या तोंडानं मानू? तरी मानते. एक पूर्ण रात्र आणि वर दोन-तीन दिवस, हे थोडं नाही.

इद्दतीचे, म्हणजे विधवेनं घरात काढायचे चार महिने दहा दिवस संपल्यावर मी आपाला मौलवीसाहेबांकडे पाठवलं, मोडलेल्या एतेकाफाचं काय करायचं ते विचारायला. त्यांनी निरोप दिला, की बाईंना सांगा, मनाला लावून घेऊ नका, रोजा ठेवून एका दिवसाची कजा करा, म्हणजे एक दिवस पुन्हा बसा, फिटलं. थंडीत मी तो दिवस बसले. चादर लावली नाही आणि काही मागितलंही नाही, नुसती बसून राहिले. आपानं स्वयंपाकघरातून सहज हाक मारली, तर मी मोठ्यानं ओ दिली.

चादरीआडून जी ओ दिली नाही, तिची कजा किती दिवसांची, हे मात्र मी मौलवीसाहेबांना विचारायला लावलं नाही.