डिकीत काय वाहिलं

“भाऊ, ही गाडी खालून वाजून राहिली,” गाडीखालून आवाज आला. मिस्त्रींचे फक्त पाय दिसत होते.

बाबा हसले. “जुनी झाली जी. कुरकुर तर करणारच.”

“कुरकुर कराले ते काय सासू आहे? पत्रा आहे तो.”

उत्तर देण्याआधी वस्तूला हात लावणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पांढुर्ण्याचे हे मिस्त्री गाडीचा कोपरा दाबून सोडायचे. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डुलत राहिली तर मान हलवायचे. मग ठरलेला प्रश्न: “डिकीत काय काय वाहिलं?”

खताची पोती, ओल्या संत्र्यांचे कॅरेट, सगळेच वाहायचे. आणि सगळेच म्हणायचे, “काही नाही, सवारीच. माणसं बसतात फक्त.”

“सवारीनं पत्रा खाल्लेला मी तरी नाही पाह्यला.”

मी गप्प असते म्हणून त्यांनी मला कधी चिडवलं नाही. बाबांना म्हणायचे, “पोरगी बोलत नाही, पण पाहते सगळं.”

पाहिलं होतं खरंच. बागेत फवारायला नेताना मोरचुदाचं निळं पाणी डिकीत सांडलं होतं. ते लोखंड खातं, हे संत्रेवाल्यांच्या घरात लहान मुलांनाही ठाऊक. आम्ही पाइप लावून डिकी धुतली, म्हणजे ते पाणी आणखी आत, सांध्यांत ढकललं. वर नवी मॅट टाकली.

त्या दिवशीही मिस्त्रींनी विचारलं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी सगळं उघडून गाडी आठ दिवस ठेवून घेतली असती, आणि बागेत संत्र्यांची तोड सुरू होती. बाबा म्हणाले, “सवारीच.” मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल पाहू लागले.

जिथून आवाज येत होता तिथे त्यांनी वेल्डिंग केलं, शॉकअप बदलले. महिनाभरात जामसांवलीच्या वाटेवर मागच्या स्प्रिंगची बैठकच फाटली आणि गाडी नाल्यात कलली.

मिस्त्री स्वतः बघायला आले. वाकून आत बोट फिरवलं. बोट गंजाने लाल नाही, मोरचुदाने हिरवट झालं. ते पँटला पुसून त्यांनी एवढंच विचारलं, “कोणाले लागलं तर नाही ना?”

गावात मात्र पसरलं की म्हाताऱ्याला आता दिसत नाही. गाड्या दुरुस्तीला सौंसरला जाऊ लागल्या. ते रोज गॅरेज उघडून बसत. मी कॉलेजला जाताना समोरून न जाता मागच्या गल्लीने जायचे.

या उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या अंगणात माणसं बसली होती. एक जण हळहळला, “माणूस सोन्यासारखा. पण शेवटी नजर गेली होती.” बाबांनी मान डोलावली.

चार माणसांत मी कधी बोललेले नाही. खाली अंथरलेली सतरंजी घट्ट धरून मी म्हणाले, “नजर चांगली होती त्यांची. डिकीत मोरचुदाचं पाणी सांडलं होतं. त्यांनी विचारलं होतं, बाबा. आपण खोटं बोललो.”