पाणी फिरल्यावर निघणारं पत्र

अख्ख्या पनवेलमध्ये पत्राला पाहुण्यासारखा निरोप देणारा एकच माणूस झाला, आणि तो माझ्या सायकलच्या दुकानाशेजारी राहायचा. कुणी दुसरं नाव सांगितलं तरी मी मानणार नाही. माझी शाळा चौथीत सुटली, पण माणसं मला कळतात. हे भाईजान करंजा बंदराचे जुने खलाशी. थोरला मुलगा आखातात. ‘पत्र टाकलंत का?’ असं विचारलं की भडकायचे. “उस्ताद, टाकतात तो कचरा. चिठ्ठी रवाना करतात!” आणि रवाना करायची तीही पाणी फिरून ओहोटी लागली की, गलबत सोडतात तशी. तोवर अत्तराचा बोळा कानात, पत्र छातीशी, आणि लाल पेटीला टेकून डोळे मिटलेले. जणू पेटीखाली धक्का आहे नि तिथं गलबत डुलतंय.

“अहो, ते विमानानं जातं,” मी म्हणायचो.

“विमान समुद्रावरूनच जातं ना? मग?”

मी पुन्हा पंक्चर काढायला बसायचो.

धाकटीचा निकाह ठरला, तेव्हा मुलाला बोलावणारं पत्र घेऊन ते भर भरतीला आले. तेवढ्यात पोस्टमन पेटी उघडायला हजर. मी हातातला पाना आपटला. “भाईजान, द्या ते! पोरगा बहिणीच्या लग्नाला मुकेल.”

“चढत्या पाण्यावर पोराला बोलावू? उलटा फिरेल तो.”

पोस्टमन हसत गेला, पत्र दुसऱ्या दिवशी गेलं. मी अबोला धरला. निकाहाच्या सकाळी दारात रिक्षा थांबली, बॅगा घेऊन मुलगा उतरला. त्याला मिठी मारताना भाईजान त्याच्या खांद्यावरून माझ्याकडेच बघत होते. “काय उस्ताद?” मी म्हटलं, “नशीब तुमचं.” हार मानली नाही.

गेल्या साली मुलगा त्यांना कायमचा तिकडे घेऊन गेला. कोपऱ्यावर एसटीडी बूथ झालाय, पण तिथं मीटर पळतो नि बोलणं राहतं. म्हणून आज भाईजानना चार ओळी खरडल्या. पेटीपाशी गेलो, हात आत घातला आणि तसाच बाहेर काढला. करंज्याची कोळीण पाटी घेऊन चालली होती.

“मावशी, पाणी फिरलं का?”

“नाय वो बाबा, अजून चढतंय. कुठं होडी सोडताव का काय?”

“हो,” म्हटलं, आणि पेटीला टेकून बसलो. ऊन मऊ झालं होतं. मला कसलीच घाई नव्हती.