आमच्या गावचा बर्फ आणि पुण्याची हुशारी

बर्फ पडला, वितळला, चिखल झाला, चिखलही वाळला. किस्से मात्र वाळायला तयार नाहीत. सातासमुद्रापारच्या साउथ आयलंडवरच्या या एवढ्याशा गावात मराठी घरं मोजून चार. पण एक वादळ आलं, की अख्ख्या तालुक्याला पुरेल एवढा येडेपणा!

*

वादळाची वॉर्निंग आली. गोऱ्यांनी लाकडं, बॅटऱ्या, दूध भरून ठेवलं. आमच्या मराठी ग्रुपवर सकाळपासून एकच चर्चा. पिठलं करायचं की खिचडी?

मी टाकलं, "वीज गेली तर कशावर करणार?"

उत्तर आलं, "काका, निगेटिव्ह बोलू नका!"

दुपारी वीज गेली.

*

शेजारचा सचिन, पुण्याचा आयटीवाला. बायको मीरा, दिवस भरलेले, आज की उद्या. घरातले दिवे, पडदे, हीटर, सगळं मोबाइलवर. मी बघायला गेलो, तर दोघं रजया गुंडाळून कुडकुडतायत.

"थांबा काका, हीटरला कमांड दिलीय."

"वीज गेलीय, मेल्या! कमांड कुणाला, बर्फाला?"

आमच्याकडे लाकडाची शेगडी आहे. दोघांना उठवून घरी आणलं.

*

घरी आमची ही फ्रीजपुढे रडकुंडीला. "पापाटोएटोच्या देशी दुकानातून मागवलेल्या पुरणपोळ्या! फ्रीजर बंद, सगळ्या नासणार!"

"अगं, दार उघड. अख्खं गाव फ्रीजर झालंय!"

पुरल्या बर्फात. संध्याकाळी उकरायला गेलो, तर पलीकडच्या शेतकऱ्याचा, ब्रायनचा कुत्रा जिभल्या चाटत बसलेला.

नंतर ब्रायनचीच तक्रार. "मेट, हा आता बिस्किटाला तोंड लावत नाही!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मीराला कळा सुरू. सचिननं लॅपटॉप उघडला. बर्थ प्लॅनच्या चाळीस स्लाइड, त्यात बर्फाची एक नाही!

"काका, ॲम्ब्युलन्स येऊ शकत नाही म्हणतायत!"

मी ब्रायनला फोन लावला. तो ट्रॅक्टर घेऊन दारात हजर.

आता निघायचं, तर बूट कुठायत? आपल्या माणसांची शिस्त! सगळ्यांचे बूट दाराबाहेर, त्यावर रातोरात गुडघाभर बर्फ. सचिन उलथन्यानं उकरतोय, मीरा कळवळतेय, आणि आमची ही ब्रायनला उंबऱ्यात अडवून सांगतेय, "शूज आउटसाइड, प्लीज!"

त्या बिचाऱ्यानं गमबूट काढले. मीरानं ते पायात सारले आणि पोट धरून ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये जाऊन बसली. ब्रायन नुसत्या मोज्यांवर तिच्यामागं पळाला. सचिनला काहीच सापडेना. हिच्या बाथरूममधल्या गुलाबी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अडकवून तोही मागं लटकला.

हॉस्पिटलच्या दारात नर्स व्हीलचेअर घेऊन उभीच होती. तिनं सचिनचे निळे पडलेले पाय बघितले, त्यालाच खुर्चीत कोंबलं आणि आत पळवलं!

मागून मीरा ओरडली, "हॅलो! बाळ मला होतंय!"