मोराची निळी मान

दाढ ठणकत होती म्हणून रामदासपेठेतल्या दाताच्या डॉक्टरांकडे गेले, तर समोरच्या भिंतीवर काचेत आमच्या पोथीचं पान! ओळखण्यात चूक होणं शक्यच नव्हतं. समासातल्या मोराची मान सातवीत असताना मीच शाळेच्या रंगपेटीतल्या निळ्यानं रंगवली होती. उडालेला रंग दुरुस्त करण्याचा शहाणपणा. बाबांनी तेव्हा कान पिळला होता.

पोथी भोसल्यांच्या काळातली. सुटी पानं, सोनेरी वर्खाची वेलबुट्टी, वर लाल बासन. दर दिवाळीआधी तिला ऊन दाखवायचं, पानांमध्ये वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायच्या, हे काम माझं. माझा मोठा भाऊ, दादा, तिकडे फिरकायचाही नाही. शेवटचं पान तेवढं वेगळ्या फडक्यात शिवलेलं असे. त्यावर पोथीच्या धन्यांची नावं, एकाखाली एक. ज्याच्या हाती पोथी आली त्यानंच ते उसवायचं, खाली आपल्या वारसाचं नाव लिहायचं आणि पुन्हा शिवून टाकायचं. इतर कुणी बघायचं नाही.

"माह्यामागं पोथी तुहीच वं पोरी," बाबा म्हणायचे. "तुह्याशिवाय कोण सांभाळन?"

बाबा गेल्यावर फडकं उसवायला माझा हात धजला नाही. तेवढ्यात दादा आला. "एक जण फोटो काढून देतो म्हणते. चार दिवस दे मले." मी दिली. महिन्याभरानं बुटीबोरीहून त्याचा फोन आला, "वाळवीनं खाल्ली वं सारी. आता काहून रडून राहिली?" आणि मी मूर्ख, वेखंड कमी पडलं असेल म्हणून दोन वर्षं स्वतःलाच बोल लावत बसले.

आता डॉक्टर मोठ्या हौसेनं सांगत होते. पानं सुटी सुटी विकली गेली, त्यांना चार मिळाली. "चोरीचा माल नाही हं मॅडम. मालकीचा पुरावा घेतलाय." त्यांनी ड्रॉवरमधून शेवटचं पान काढलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबांच्या नावाखाली दादानं स्वतःचं नाव खरडलं असणार. त्याचं पितळ इथंच उघडं पाडायचं, असं मी ठरवूनही टाकलं.

नाव दादाचंच होतं. अक्षर मात्र बाबांचं. शाई फिकट होऊन तपकिरी झालेली, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं: चिरंजीवांच्या बारशादिवशी.

तेव्हा माझा जन्मही व्हायचा होता.

दादा खोटं बोलला त्याचा राग होताच, पण तो राग मला पेलत होता. बाबांचं काय करू? दर दिवाळीआधी मी अंगणात पानं पसरायची आणि ते ओसरीवर बसून म्हणायचे, तुहीच वं पोरी.

"ओळखीचे आहेत का कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले आणि खुर्चीत बसून तोंड उघडलं.