हरभऱ्याचा बेवड

सलग दोन पावसाळे आमच्या शेतात मका होता आणि मधल्या हिवाळ्यात गहू. दोन्ही पिकं हावरट. बरखेड्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ह्यांनी भोपाळबाहेर हा तुकडा घेतला, पण शेताकडेही ते मशीन म्हणूनच बघतात. मका पिवळा पडला की युरिया टाका, विषय संपला. मी अमरावतीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. खालची पानं शेंड्याकडून पिवळी पडायला लागली की नत्र कमी पडतंय हे मलाही कळतं. पण जमीन दरवर्षी जास्तच युरिया मागायला लागली तर दुखणं वेगळं आहे, हेही कळतं. ह्यांना सांगून उपयोग नव्हता. आमच्या घरात माझं मत भाजीत मीठ किती, इथपर्यंतच चालतं.

शेत बटाईने करणाऱ्या भैयांना मी सरळ फोन लावला. तो त्यांच्या बायकोने उचलला.

"भैया से कहना, यूरिया से कुछ नहीं होगा," मी म्हणाले. "अपने यहाँ बेवड ही खराब है।"

फोन कट झाला. मला वाटलं, रेंज गेली.

बेवड म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेलं बरंवाईट. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतं, म्हणून त्याचा बेवड चांगला. माहेरी हा शब्द येता-जाता कानावर पडायचा. भोपाळमध्ये एवढी वर्षं काढूनही मी तो हिंदीत तसाच्या तसा ढकलून दिला. तिने त्यात एक काना जास्तीचा ऐकला आणि बेवडा म्हणजे कोण, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. भैयांनी दारू सोडून बरीच वर्षं झाली होती.

त्यानंतर भैया शेतावर फिरकलेच नाहीत. मक्याला युरियाचा दुसरा हप्ता द्यायची वेळ टळत चालली, ह्यांची चिडचिड सुरू झाली, म्हणून आम्ही दोघं त्यांच्या गावी गेलो. भैया ओट्यावर बसले होते. आम्हाला बघून उठलेसुद्धा नाहीत.

"दीदी, आपने इससे क्या कह दिया? इसने भूसे तक में बोतल ढूँढी। बच्चों की कसम खिलाई मुझे।"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी घाईघाईने दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला सांगितलं, "अरे, बेवड मतलब भैया नहीं! पिछली फसल ज़मीन में जो छोड़ जाती है, उसको हम बेवड कहते हैं।"

हे गालातल्या गालात हसायला लागले. मग भैयाही हसले. ती मात्र हसली नाही.

"तो मैंने ठीक ही सुना, दीदी," ती दारातूनच म्हणाली. "पिछली फसल अभी गई कहाँ है।"

भैयांचं हसू तिथेच विरलं. मला तिची फार कीव आली आणि त्यांचीही.

त्या हिवाळ्यात भैयांनी ह्यांना न विचारता गव्हाऐवजी हरभरा पेरला. ह्यांनी तक्रार केली नाही, हे नवलच. यंदा मका हिरवागार आहे आणि युरियाही बराच कमी लागला.

परवा तिचा स्वतःहून फोन आला.

"दीदी, इस बार बेवड अच्छा है।"

"खेत का ना?" मी विचारलं.



"खेत का तो है ही," ती म्हणाली.