शिरीषनंतरचा सेटर

शिरीषला जाऊन आज वर्ष झालं.
त्याच्या मृत्यूचा आडोसा घेऊन मी एका माणसाचा खेळ संपवला.

शिरीष पाटणकर. गार्डन रीचच्या आमच्या ऑफिसच्या व्हॉलीबॉल टीमचा सेटर. मूळचा साताऱ्याचा. बदली होऊन कोलकात्यात आला आणि इथलाच झाला.
क्रिकेटमध्ये ओपनर, कॅरममध्ये देशपांडेकाकांचा पार्टनर. सगळीकडे हाच!

ऐन टूर्नामेंटच्या तोंडावर हार्ट अटॅकने गेला.

क्रिकेटवाल्यांनी दुसरा ओपनर पाठवला. तो लवकर आउट झाला, बाकीच्यांनी रन काढले, जिंकले.
देशपांडेकाकांनी डबल्समधून नाव काढून घेतलं. विषय संपला.

व्हॉलीबॉलमध्ये तसं चालत नाही. जवळजवळ प्रत्येक बॉल सेटरच्या हातून पुढे जातो.
आणि मी स्मॅश मारणारा, दहा वर्षं शिरीषच्या हाताकडे न बघता उडी मारत आलो होतो.

त्याच्या जागी तपस आला. हावड्याचा. पाच वर्षं बेंचवर बसलेला राखीव सेटर.
समोरच्या टीमला कळू नये म्हणून शिरीष कॉल मराठीत द्यायचा. ‘आत’ म्हणजे लगेच उडी, ‘उंच’ म्हणजे थांब. तपसने ते बेंचवर बसूनच पाठ केले होते.

प्रॅक्टिसला म्हणाला, “दादा, मेरा बॉल थोड़ा लेट आता है. आप एकटु, ज़रा रुककर उठिए ना.”
मी म्हणालो, “शिरीष जैसा दे. मुझे मत सिखा.”

सेमीफायनल. शेवटचा सेट. १३–१४.
हा पॉइंट गेला की मॅच गेली.
शिरीषची बायको, आमच्या वहिनी, घरात बसवेना म्हणून बघायला आल्या होत्या.

बॉल तपसकडे गेला.
तो ओरडला, “उंच!”

मी ऐकलं. अगदी स्वच्छ ऐकलं.
तरीही थांबलो नाही. शिरीषच्या ‘आत’वर मारायचो तशी लगेच उडी मारली.

बॉल आला तो बरोबर जागी. मी मात्र खाली येत होतो. बोटांना घासून तो आमच्याच बाजूला पडला.

वहिनींनी विचारलं, “काय झालं हो भाऊजी?”
“तपसने बॉल नीट दिला नाही, वहिनी.”

तपस शेजारीच उभा होता. एवढं मराठी त्याला कळत होतं.
टीममधल्या सगळ्यांनी कॉल ऐकला होता. पण माझा मित्र नुकताच गेलेला, म्हणून कुणी तोंड उघडलं नाही.

तपस मान खाली घालून म्हणाला, “सॉरी बौदी. शिरीषदा होते तो जीत जाते.”
दुसऱ्या दिवसापासून तो ग्राउंडवर आला नाही.

‘तपसमुळे हरलो’ असं ऑफिसात अजून बोललं जातं. मी वर्षभर बोलू दिलं. लाज वाटते.

काल वहिनींना खरं सांगितलं.
त्या म्हणाल्या, “मला एकटीला सांगून काय उपयोग? खोटं तर सगळ्यांनी ऐकलं होतं ना?”

म्हणून इथे लिहितोय, सगळ्यांसमोर; ऑफिसातही हेच सांगणार आहे.
तपसचा बॉल बरोबर होता. मी चुकलो. आणि नंतर खोटं बोललो.

तपसला हे मराठी वाचता येणार नाही. त्याला तोंडावर सांगायला आत्ता हावड्याला निघालोय. तो दार उघडेल की नाही, माहीत नाही.

शिरीष, तुझी जागा मी उगाच अडवून ठेवली रे.
आता सोडतो.
ये मित्रा. शेवटचा नमस्कार.